‘पण’च्या पुढे

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



स्मृतिव्याख्यानाला साधारणपणे त्या माणसाच्या मित्राला बोलावतात, शिष्याला बोलावतात, निदान चाहत्याला तरी. मी यांतला कोणीच नव्हतो. ज्यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान आहे, त्या अण्णांची आणि माझी ओळख झाली ती 2006 साली, शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात. ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होते आणि मी विमा कंपनीतर्फे त्यांची उलटतपासणी घेत होतो. दोन दिवस घेत होतो. संयोजकांनी मला बोलावलं तेव्हा मी ही गोष्ट त्यांना सांगितली. ते म्हणाले, तेच सांगा. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

खटला एका पडलेल्या स्लॅबचा होता. पुण्याबाहेर, तेव्हा नुकत्याच वाढू लागलेल्या एका गावात चार मजली इमारत उभी राहत होती. 2002 च्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्याचा स्लॅब भरता भरता पहिल्या मजल्याच्या स्लॅबसकट खाली आला. तीन मजूर गेले. कंत्राटदाराकडे पॉलिसी होती. आपल्याकडे तिला ‘कार पॉलिसी’ म्हणतात, म्हणजे ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’. ‘ऑल रिस्क’ हे नाव वाचून पक्षकार निश्चिंत होतो आणि वकील पुढचं पान उलटतो. पुढच्या पानावर ‘वगळून’ अशी यादी असते. कंपनीनं दावा नाकारला, कंत्राटदार कोर्टात गेला, आणि फाईल माझ्याकडे आली. पॉलिसीत लवादाचं कलम होतं, पण तेव्हा अशी कलमं बहुधा फक्त रकमेच्या वादापुरती असत. देणंच मान्य नसेल तर लवाद नाही, दिवाणी कोर्ट. त्यामुळे चार वर्षं तारखांत गेली.

अण्णा कंत्राटदाराचे तज्ज्ञ साक्षीदार होते. माझ्या हातात एक कागद होता, ज्याची त्यांना कल्पना नसावी असं मला वाटत होतं. सेंटरिंगचं, म्हणजे ओल्या स्लॅबला खालून टेकू द्यायचं सामान भाड्यानं मिळतं. प्लेटा, स्पॅन, जॅक हे सगळं दिवसाच्या हिशेबानं येतं आणि प्रत्येक फेरीची चिठ्ठी होते. या कामावरच्या सेंटरिंगवाल्याचं भाडं थकलं होतं आणि त्यानं वेगळाच दावा लावला होता. त्या दाव्यात त्यानं सगळ्या चिठ्ठ्या जोडल्या होत्या. मी त्या मागवून घेतल्या. पातळ, पिवळट कागद, कार्बनची निळी अक्षरं, कोपऱ्यात टेम्पोचा नंबर. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं की पहिल्या मजल्यावरचे जॅक अमुक तारखेला दुसऱ्या साईटवर रवाना. मी क्यूब टेस्टच्या रजिस्टरमधली स्लॅब भरल्याची तारीख शेजारी ठेवली आणि बोटांवर मोजलं. नववा दिवस. गाळा होता सव्वापाच मीटरचा. आयएस 456 हे आपलं काँक्रीटचं प्रमाणपुस्तक. 2000 सालच्या आवृत्तीप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस ठेवायचे, त्याहून मोठा गाळा असेल तर चौदा.

वकिलाच्या आयुष्यात असे कागद चार-दोनदाच येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं, “पहिल्या मजल्याचे जॅक नवव्या दिवशी काढले, हे आपल्याला मान्य आहे?”

अण्णांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला आणि म्हणाले, “हो. पण—”

मी म्हटलं, “माझा प्रश्न तेवढाच आहे. हो की नाही?”

“हो.”

“दॅट्स ऑल, माय लॉर्ड.”

त्या ‘पण’च्या पुढे काय होतं ते ऐकायला मला पुढची कित्येक वर्षं लागली. आजचं व्याख्यान त्या ‘पण’विषयी आहे.

पण आधी माझ्या धंद्याविषयी थोडं सांगतो, कारण विमा कंपनीचा वकील म्हटलं की लोक खुर्ची जरा मागे घेतात. आमच्या घरी कोणी वकील नव्हतं. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. टेंडर, बी-वन, मेजरमेंट बुक, रनिंग बिल हे शब्द मी पाढ्यांबरोबरच शिकलो. सनद घेतल्यावर ज्या सीनियरकडे बसलो, ते सरकारी विमा कंपनीच्या पॅनेलवर होते. 1 जानेवारी 1973 पासून साधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण अमलात आलं. 107 कंपन्या एकत्र करून चार केल्या. त्या चार कंपन्यांच्या विभागीय कार्यालयांतून लाल फितीच्या फायली आमच्या ऑफिसात येत. नव्वद टक्के मोटार अपघाताच्या. उरलेल्या दहांत आग, पूर आणि बांधकाम. मी ते दहा टक्के मागून घेतले. इतरांना ते कंटाळवाणे वाटायचे, मला घरचे वाटायचे.

विम्याच्या बाजूनं उभ्या राहणाऱ्या वकिलाचं काम म्हणजे ‘नाही’ म्हणणं, अशी समजूत आहे. ती अर्धी खरी आहे. ‘नाही’ म्हणताना ते का, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आमच्यावर असते. पॉलिसीत अमुक नुकसान वगळलं आहे असं कंपनी म्हणत असेल, तर ते वगळलेल्यातच बसतं हे कंपनीनं दाखवायचं. कलमाचे दोन अर्थ निघत असतील, तर कागद ज्यानं लिहिला त्याच्या विरुद्धचा अर्थ घ्यायचा. आणि कागद नेहमी कंपनीनंच लिहिलेला असतो.

याचं एक चांगलं उदाहरण 2022 चं. दुकान तळघरात होतं. पॉलिसी काढण्याआधी कंपनीच्या माणसांनी ते पाहिलं होतं. आग लागल्यावर कंपनी म्हणाली की पॉलिसीत तळघर वगळलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं कंपनीचं ऐकलं नाही. ज्या जागेचा विमा विकला, तीच जागा वगळणारं कलम म्हणजे हप्ता घ्यायचा आणि हात वर करायचे. माझ्या ओळखीच्या क्लेम खात्यातल्या लोकांना हा निकाल झोंबला. मला तो उपयोगी पडला. त्यानंतर अशा तीन-चार फायलींवर मी कंपनीला लेखी कळवलं की ही केस लढवू नका, पैसे देऊन टाका. विमा कंपनीच्या वकिलाची खरी फी अशाच पत्रांसाठी असली पाहिजे, असं माझं मत आहे. त्या पत्रांचं बिल मात्र सगळ्यात कमी होतं.

‘हो’ कधी म्हणायचं, हे मला एका भुसार व्यापाऱ्यानं शिकवलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. पुढची दोन वर्षं आमच्या ऑफिसला ओल्या कागदाचा वास येत होता. या व्यापाऱ्याचं उपनगरात गोदाम होतं. सर्व्हेअरनं भिंतीवरची चिखलाची रेघ मोजली होती, जमिनीपासून पावणेतीन फूट. दावा मात्र आठ फूट उंचीच्या थप्प्यांचा होता. मी युक्तिवाद केला की रेघेच्या वरचा माल कोरडा होता. रेघ खोटं बोलत नाही. व्यापारी उभा राहिला आणि आपल्या वकिलाच्या आधीच बोलला, “साहेब, खालचे खोके भिजून मऊ झाले, वरचे त्यांच्यावर बसले आणि पाण्यात पडले. तुम्ही कधी थप्पी रचली आहे का?” मी कधीच रचली नव्हती. रेघ पाण्याची उंची सांगत होती, नुकसानीची नाही. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असतो. विमा कायद्याच्या 64 यूएम कलमाप्रमाणे ठरावीक रकमेवरच्या दाव्याला तो लागतोच. पण तो शेवटचा शब्द नसतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2009 साली स्पष्ट सांगितलं आहे. व्यापाऱ्याला ते न्यायालयाच्या आधी माहीत होतं.

आता बांधकामाच्या खटल्यांकडे येतो. बाहेरच्यांना वाटतं की हे खटले पडलेल्या इमारतींचे असतात. खरं तर बहुतेक खटले न पडलेल्या इमारतींचेच असतात. काम उशिरा झालं, बिल अडकलं, जादा काम सांगितलं आणि पैसे दिले नाहीत. या सगळ्याच्या मुळाशी वेळ असतो. 1854 साली इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीचा दांडा मोडला. नमुना म्हणून तो मालवाहू कंपनीमार्फत पाठवला आणि पोचायला उशीर झाला. तितके दिवस गिरणी बंद राहिली, नफा बुडाला. गिरणीवाल्यानं तो नफा मागितला. न्यायालय म्हणालं, गिरणी या एका दांड्यावर अडली आहे हे वाहतूकवाल्याला सांगितलं होतं का? नसेल, तर तो नफा त्याच्याकडून मागता येणार नाही. ‘हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल’ हा तो निकाल. त्याचंच तत्त्व आपल्या 1872 च्या करार कायद्याच्या 73 व्या कलमात आलं. आज एखाद्या महामार्गाच्या कंत्राटात उशिराची भरपाई मागितली जाते, तेव्हाही वाद त्याच दांड्याभोवती फिरतो. फक्त आता हिशेबासाठी हडसन, एम्डन आणि आयकले अशा नावांची सूत्रं आहेत, आणि कोणतं लावायचं ते लवादानं ठरवावं असं सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली म्हटलं.

पण कोणतंही सूत्र लावा, ते उभं राहतं एका वहीवर. साईटवर तिला ‘हिंडरन्स रजिस्टर’ म्हणतात. जागा ताब्यात मिळाली नाही, ड्रॉइंग आलं नाही, सिमेंट आलं नाही, पाऊस लागला हे सगळं त्या त्या दिवशी त्यात लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. ती वही जो इमानेइतबारे लिहितो तो खटला जिंकतो. मुश्कील अशी की ती इमानेइतबारे फारच कमी जण लिहितात. मी अशा वह्या पाहिल्या आहेत ज्यांत दोन वर्षांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातानं आणि एकाच बैठकीत लिहिलेल्या होत्या. उलटतपासणीत मी इंजिनीअरला विचारत असे, “या पेनाची रिफिल दोन वर्षं चालली का हो?” सगळं कोर्ट हसायचं. कागद वाद उभा राहण्याआधीच लिहिला, तरच तो खरा असतो. म्हणूनच त्या सेंटरिंगवाल्याच्या चिठ्ठीवर माझा इतका विश्वास होता. तिला खटल्याची खबरच नव्हती.

दुसरा मोठा वाद असतो जमिनीच्या पोटातला. कोकण रेल्वेचं उदाहरण घ्या. 1998 च्या जानेवारीत ती पूर्ण मार्गावर धावू लागली. सह्याद्रीचा कातळ फोडून केलेले मोठमोठे बोगदे आपण कौतुकानं सांगतो. पण अभियंत्यांना जास्त रडवलं ते गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यानं. तिथे कातळ नव्हता, मऊ, पाणी धरून बसलेली माती होती. खणावं तितकी वरून खाली यायची, आणि तिनं माणसंही घेतली. अशा वेळी कंत्राटात एकच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. जमिनीत काय निघेल याची जोखीम कोणाची? खणणाऱ्याची की खणायला लावणाऱ्याची? जगभर वापरात असलेल्या फिडिक या नमुना कंत्राटात त्याचं उत्तर आहे. अनुभवी कंत्राटदारालाही आधी अंदाज येणं शक्य नव्हतं अशी परिस्थिती निघाली, तर तिचा खर्च आणि वेळ मालकानं सोसायचा. आपल्या अनेक सरकारी कंत्राटांत मात्र एक ओळ असते की कंत्राटदारानं जागा पाहिली आहे आणि त्याचं समाधान झालं आहे. जमिनीखाली वीस मीटरवर त्याचं समाधान कसं झालं, ते तो जाणे.

इथे दोन प्रश्न वेगळे करून पाहू. एक, चूक कोणाची? दोन, जोखीम कोणाची? माझं सगळं आयुष्य या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत गेलं. हम्मुराबीच्या कायद्यात ही फट नव्हती. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात त्याची काळ्या दगडाची शिळा आहे. तिच्यावर लिहिलं आहे की घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला मारा, मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारा. साडेतीन हजारांहून जास्त वर्षं झाली त्याला. आज हे रानटी वाटतं. पण इमारत पडल्यावर पहिल्या तासात टीव्हीसमोर बसलेल्या माणसाच्या मनात जे येतं, ते त्याहून फार वेगळं नसतं. विम्यानं ही रीत बदलली. तो म्हणतो, चूक कोणाची हे नंतर पाहू, आधी जोखीम कोणी विकत घेतली होती ते बघू. फ्रान्सनं याचा पुरता उपयोग करून घेतला. 1978 च्या कायद्यानं तिथे बांधकाम करवून घेणाऱ्याला एक विमा सक्तीचा केला. इमारतीत गंभीर दोष निघाला की विमा कंपनी आधी दुरुस्तीचे पैसे देते, आणि बांधणाऱ्याशी भांडण नंतर करते. बांधणाऱ्याची जबाबदारी दहा वर्षं राहते. आपल्या रेरा कायद्यात ती पाच वर्षं आहे. त्याच्या 16 व्या कलमात विम्याची तरतूदही आहे, पण ती राज्य सरकारच्या अधिसूचनेवर टांगलेली. आणि ज्या इमारतींना खरी गरज असते त्यांच्याकडे तर कागदच नसतो. 4 एप्रिल 2013 ला मुंब्र्याजवळच्या शिळफाट्यावर अनधिकृत इमारत कोसळली, 74 माणसं गेली. तिच्या विम्याचा प्रश्न कोणाच्या मनातही आला नसेल.

आता अण्णांच्या खटल्याकडे परत जातो. त्यांच्या ‘हो’नंतर आमचा बचाव भक्कम झाला. पॉलिसीत अट होती की विमाधारकानं योग्य ती सगळी काळजी घ्यावी. नवव्या दिवशी टेकू काढणं म्हणजे काळजी नव्हे. फेरतपासणीत कंत्राटदाराच्या वकिलांनी अण्णांना काहीच विचारलं नाही. मला ते विचित्र वाटलं, पण मी खूश होतो. कॉरिडॉरमध्ये चहा घेताना अण्णा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, पैसे कोणी द्यायचे ते तुमच्या निकालात कळेल. इमारत का पडली ते कळणार नाही.” मी हसून म्हटलं, “अण्णा, आम्हाला पैशांचंच विचारतात.” निकालही झाला नाही. महिन्याभरात तडजोड झाली. कंपनीनं मागणीच्या अर्ध्याहून थोडे जास्त पैसे दिले, कंत्राटदारानं ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहून सही केली. कन्सेंट टर्म्स दोन पानांच्या होत्या. त्यांत रक्कम होती, तारीख होती, कारण नव्हतं. चिठ्ठी फाईलमध्ये गेली, फाईल कपाटात.

मजुरांचा हिशेब वेगळ्या खोलीत झाला. 1923 च्या कायद्याप्रमाणे तेव्हा मजुराचा पगार कितीही असो, महिना चार हजारांच्या वर धरायचा नाही. त्याचा अर्धा भाग, म्हणजे दोन हजार. तीस वर्षांच्या माणसासाठी तक्त्यातला गुणक 207.98. गुणाकार 4,15,960 रुपये. गणित बरोबर आहे. मी ते स्वतः तपासलं होतं, तेही कंपनीच्या बाजूनं. कोणी दोन पैसेही कमी दिले नाहीत. त्या गणितातही इमारत का पडली हे नव्हतं.

2009 साली दुसरी फाईल आली. दुसरा तालुका, दुसरी कंपनी, दुसरा कंत्राटदार. प्रकार तोच. वरचा स्लॅब भरताना खालच्यासकट खाली. मी आधी भाड्याच्या चिठ्ठ्या मागवल्या. माझा हात आता बसला होता. पण इथे जॅक पंधराव्या दिवशी काढले होते. नियम पाळला होता. मला काही कळेना. तीही केस मिटली. कारण तिथेही लिहिलं गेलं नाही.

काही वर्षांनी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात बोलायला गेलो. नावं गाळून मी नवव्या दिवसाची गोष्ट सांगितली. खरं सांगायचं तर माझ्या पराक्रमाची गोष्ट म्हणून सांगितली. शेवटी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली. “सर, वरचा स्लॅब कितव्या दिवशी भरला?”

मी म्हटलं, “विसाव्या.”

“मग जॅक चौदाव्या दिवशी काढले असते, तरी विसाव्या दिवशी खाली काहीच नसतं ना?”

मी गप्प झालो. तिनं तिथल्या तिथे फळ्यावर हिशेब मांडला. दीडशे मिलिमीटरचा ओला स्लॅब म्हणजे चौरस मीटरला पावणेचारशे किलो. त्यात सेंटरिंगचं वजन आलं, ओतणारी माणसं आली. खालचा स्लॅब राहत्या घराचा, तो वापरासाठी मोजलेला असतो चौरस मीटरला दोनशे किलोंवर, वर फरशीचे काही. म्हणजे वरचा स्लॅब भरताना सगळा भार खालच्या एकट्या स्लॅबवर आला, तर सुरक्षिततेसाठी ठेवलेली सगळी शिल्लक एका संध्याकाळी खर्च होते. काँक्रीट जरा जरी हलकं असेल, तर संपलं. म्हणून टेकू एका मजल्याखाली ठेवून भागत नाही, दोन मजल्यांखाली ठेवावे लागतात. किती मजले आणि किती दिवस, हे कोणीतरी बसून मोजायचं असतं आणि ड्रॉइंगवर लिहायचं असतं. आमच्या खटल्यात असं ड्रॉइंगच नव्हतं. आरसीसी सल्लागारानं काढलं नव्हतं, कंत्राटदारानं मागितलं नव्हतं, पालिकेनं पाहिलं नव्हतं.

तेव्हा मला अण्णांचं ‘पण’ ऐकू आलं. आणि त्यांच्या वकिलांनी फेरतपासणी का घेतली नाही, तेही कळलं. त्या ‘पण’च्या पुढे त्यांच्या अशिलाचंही नुकसान होतं. माझ्या अशिलाला ते नको होतं, कारण नववा दिवस पुरेसा होता. सल्लागार तर पक्षकारच नव्हता. म्हणजे कोर्टात हजर असलेल्या सगळ्यांच्या सोयीचं कारण सापडलं होतं. फक्त ते खरं कारण नव्हतं. आणि ते खरं कारण उघड्यावर आलं असतं, तर 2009 चा स्लॅब कदाचित पडला नसता.

वकिलांना दोष देऊन हे सुटणार नाही. कोर्टाचं काम आहे वाद मिटवणं, आणि वाद मिटवायला पुरेल इतकंच कारण कोर्ट शोधतं. शिवाय लवादाची कार्यवाही गुप्त ठेवण्याचं कलमच, 42 ए, 2019 साली कायद्यात आलं. मी त्याच्या विरोधात नाही. पक्षकाराची गुपितं त्याचीच असतात. पण पैशांचा हिशेब आणि कारणाचा शोध ही दोन कामं एका माणसाला देऊ नयेत, हे या धंद्यानं मला शिकवलं.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइडला 24 जून 2021 च्या मध्यरात्रीनंतर बारा मजली इमारतीचा निम्म्याहून जास्त भाग कोसळला. 98 माणसं गेली. वर्षभराच्या आत शंभर कोटी डॉलरहून जास्त रकमेची तडजोड झाली. शेजारचं बांधकाम करणाऱ्या कंपन्या, सल्लागार, सुरक्षा कंपनी, आणि या सगळ्यांच्या मागच्या विमा कंपन्यांनी पैसे दिले. दोष कोणीच मान्य केला नाही. माझ्यासारख्या वकिलाला हे काम थक्क करतं. पण तिथे एक गोष्ट अशी घडली जी आमच्या कन्सेंट टर्म्समध्ये कधी घडत नाही. एनआयएसटी या सरकारी संस्थेनं कारणाचा स्वतंत्र तपास हाती घेतला. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळल्यानंतर 2002 साली झालेल्या कायद्यानं तिला तो अधिकार दिला. दोषी कोण, हे ती ठरवत नाही. आणि तिचा अहवाल भरपाईच्या खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. अहवाल आपल्याविरुद्ध जाणार नाही हे माहीत असेल, तर माणूस ‘पण’ म्हणून थांबत नाही, पुढे बोलतो.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. विमान अपघाताचा तपास आपल्याकडे याच तत्त्वावर चालतो, की पुन्हा होऊ नये म्हणून शोधायचं, दोष लावायला नाही. रेल्वेच्या अपघाताची चौकशी करणारे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे असतात. धरणांसाठी 2021 चा धरण सुरक्षा कायदा आहे. इमारत पडली की मात्र आधी गुन्हा, मग अटक, मग मदतीची घोषणा, मग एक समिती आणि मग पुढची इमारत. विमानात आणि रेल्वेत माणूस मरतो त्याहून डोक्यावरच्या छतानं मेला तर त्याच्या कारणाला कमी मोल का असावं, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर माझ्या हातात काय आहे? जुन्या फायली मी उघडू शकत नाही. अशिलाचं गुपित त्याचं असतं, त्याच्या परवानगीशिवाय माझं नसतं. पण नव्या तडजोडींचा मसुदा मीच लिहितो. गेली काही वर्षं मी त्यात एक परिच्छेद घालतो. दोन्ही पक्षांची संमती आहे की नावं, जागा आणि रक्कम गाळून, दुर्घटनेच्या तांत्रिक कारणाचं दोन पानांचं टिपण अभ्यासासाठी वापरता येईल. बहुतेक वेळा समोरचे वकील पेन्सिलनं तो परिच्छेद खोडतात. मी त्यांना दोष देत नाही, पंचवीस वर्षांपूर्वी मीही खोडला असता. दोनदा मात्र तो राहिला. त्या दोन टिपणांतलं एक सेंटरिंगविषयी आहे. ते त्या महाविद्यालयात गेलं. दुसरं पाण्याच्या टाकीविषयी.

आता मी कधी कधी लवाद म्हणून बसतो. परवा एका तरुण वकिलानं साक्षीदाराला दरडावून विचारलं, “फक्त हो की नाही सांगा.” साक्षीदार म्हणाला, “हो, पण—” आणि माझ्याकडे बघून थांबला. वकीलही थांबला. आता पुढचा प्रश्न विचारायला मोकळा, असं त्याला वाटलं.

मी लेखणी खाली ठेवली आणि साक्षीदाराला म्हटलं, “पण काय? सांगा. आज आपल्याकडे वेळ आहे.”

अण्णांना मी एवढंच देणं लागत होतो.